सावकारी टोळीविरुद्ध तक्रार: दोन दारं, एकच फाइल

‘दहा टक्क्यांनी उचललेत’ असं कोल्हापुरात कुणी म्हणालं, तर महिन्याला की वर्षाला असं विचारायची गरज पडत नाही. महिन्याला दहा, म्हणजे वर्षाला १२०. मंडईतल्या हातगाडीवाल्याचा हिशेब दिवसावर चालतो, इचलकरंजीतल्या मागवाल्याचा आठवड्यावर आणि ऊसबिलाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचा महिन्यावर. हप्ता तटला की मात्र तिघांच्याही दारात तीच चार पोरं येऊन उभी राहतात.

तक्रारी होतात, पण बऱ्याच अर्ध्यात गळतात. गळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणूस एकाच दारात जातो. पोलीस ठाण्यात गेला की ‘हा पैशाचा व्यवहार आहे, निबंधकांकडे जा’ असं ऐकतो, आणि निबंधकांकडे गेला की ‘मारहाण पोलिसांत सांगा’. दोघांचंही अर्धं बरोबर असतं. बेकायदा सावकारीचा तपास सहकार खात्याकडं आहे, तर धमकी, खंडणी आणि टोळीचा पोलिसांकडं. म्हणून फाइल पहिल्या दिवसापासून दोन्हीकडं चालेल अशी बांधायची.

आधी हिशेब, मग अर्ज

एक शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, रक्कम, कुणाच्या हातात किंवा कुणाच्या खात्यावर, रोख की ऑनलाइन, आणि त्या वेळी तिथं कोण होतं. आठवत नसलेली तारीख ठोकून देऊ नका. ‘गणपतीच्या आदल्या आठवड्यात’ असं लिहिलं तरी चालतं, पण चुकीची पक्की तारीख उलटतपासणीत अख्खी वही बुडवते.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पैसे सावकाराच्या स्वतःच्या खात्यावर क्वचितच जातात. कधी मेहुण्याचा क्यूआर कोड असतो, कधी वसुलीच्या पोराचा फोनपे, कधी कुठल्याशा दुकानाचं खातं. हीच नावं पुढं टोळी दाखवायला लागतात. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. बँकेत अर्ज देऊन कर्ज उचलल्याच्या आधीच्या महिन्यापासूनचा उतारा शिक्क्यासह घ्या. त्यात प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो आणि त्यावरून समोरचं खातं कुणाचं, ते पोलिसांना बँकेकडून काढता येतं.

आता आकडेमोड. समजा एक लाख ठरले, दहा टक्क्यांनी. पहिल्या महिन्याचं व्याज जागेवरच कापून हातात ९०,००० आले. इथंच खरा दर महिन्याला ११ टक्क्यांच्या वर गेला. मग १४ महिने दहा-दहा हजार भरले, एकूण १,४०,०००. सावकाराच्या डायरीत मुद्दल अजून एक लाखच. कायद्याच्या हिशेबात तुम्ही घेतले ९०,०००. शासनानं २०१४ साली परवानाधारक सावकारासाठी कमाल दर ठरवून दिले: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेतकऱ्याला तारणावर १५, विनातारण १८. व्याज सरळ, चक्रवाढ नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. शेतकऱ्याचं विनातारण कर्ज धरलं तर ९०,००० वर १४ महिन्यांचं व्याज होतं १२,६००. म्हणजे मुद्दल-व्याज मिळून १,०२,६०० फिटून वर ३७,४०० जास्त गेले. मधे भरलेल्या रकमा मुद्दलातून वजा करत गेलं तर हा आकडा आणखी वाढतो. एवढी एक ओळ अर्जाच्या पहिल्या पानावर असली की वाचणारा अधिकारी सरळ बसतो.

हातउसने की सावकारी

ज्यानं एकदाच, ओळखीत, अडचणीला पैसे दिले तो सावकार ठरत नाही. कायद्याला धंदा दिसावा लागतो: अनेकांना, वारंवार, व्याजानं. त्यामुळं एकट्याच्या तक्रारीला मर्यादा आहेत. त्याच माणसाकडून घेतलेले आणखी दोघे-तिघे शोधा. गल्लीत ते कोण आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही. एकत्र अर्ज करायला ते तयार नसले तर नावं घालू नका. ‘इतरही कर्जदार आहेत, चौकशीत सांगेन’ एवढं लिहा.

परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळतं. परवाना असला म्हणून विषय संपत नाही. जादा दर, कोऱ्या कागदावर सही आणि पावती न देणं हे परवानाधारकालाही मना आहे.

कागदांकडे नीट बघा

सावकाराकडं तुमचं काय काय अडकलंय त्याची वेगळी यादी करा. कोरे चेक (बँक, क्रमांक, सही केलीय की नाही), सही केलेले स्टॅम्प, गाडीचं आर. सी. बुक आणि सही केलेले टी. टी. फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे), एटीएम कार्ड, सोनं, शेताचं खरेदीखत. चेकचे क्रमांक आठवत नसतील तर चेकबुकाचे उरलेले भाग बघा किंवा अजून बँकेत आलेच नाहीत अशा चेकची यादी बँकेकडून मागा.

कधी झेरॉक्स हातात असेल तर स्टॅम्पची मागची बाजू आधी बघा. तिथं विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. पुढं ‘उसनवार पावती’ची तारीख मार्चची आणि मागं विक्री जूनची, असं निघालं तर तो कागद नंतर भरलाय हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणखी एक खूण: ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात असल्या करारांना किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यानंतरच्या तारखेचा करार शंभराच्या स्टॅम्पवर दिसला तर तो स्टॅम्प जुना पडून होता की करारच मागून लिहिला, हे विचारायला जागा आहे. विक्रेत्याच्या नोंदवहीतली ओळ तपासावी, अशी मागणी अर्जातच लिहून टाका.

फोनवरच्या धमक्या रेकॉर्ड झाल्या असतील तर ती फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून इकडंतिकडं पाठवलेली प्रत ही मूळ नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य येतं, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा. फोन फॉरमॅट केला, विकला किंवा पोराला खेळायला दिला की हा पुरावा गेला. पोरं दारात येऊन शिव्या देऊन गेली असतील तर शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण दोन-तीन आठवड्यांत पुसलं जाऊ शकतं. त्यामुळं कॅमेरा कुठं आहे ते तक्रारीत लिहा आणि जप्तीची मागणी त्याच दिवशी करा.

पहिलं दार: निबंधक

अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, कोल्हापूर यांच्या नावे, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका. अर्जात सावकाराचं नाव-पत्ता, घेतलेली आणि फेडलेली रक्कम, वहीतला तक्ता, अडकलेल्या कागदांची यादी, आणि हे सगळं तो कुठं ठेवतो याचा तपशील द्या. ‘घरी’ हे पुरेसं नाही. वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट, दुकानाच्या गल्ल्याखालचा खण, गाडीच्या डिकीतली पिशवी, असं जितकं नेमकं तितकं चांगलं. निबंधकांच्या पथकाला जागेत शिरून झडती घ्यायचा आणि कागद ताब्यात घ्यायचा अधिकार आहे. पंच असतात, बंदोबस्ताला पोलीस असतात. कोरे स्टॅम्प आणि दुसऱ्यांच्या सह्यांचे चेक एका कपाटात सापडले की ‘हातउसने दिले होते’ हा बचाव उरत नाही.

धाड फुकट जाते ती बोलण्यामुळं. अर्ज दिला आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं, तर सकाळी कपाट रिकामं. घरातल्या एखाद्या माणसापलीकडं हे कुणाला सांगू नका.

विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा मोठी वाटत नाही, खरं आहे. पण या गुन्ह्याचं दोषारोपपत्र न्यायालयात जाणं याला पुढं वेगळी किंमत आहे. ते टोळीच्या भागात येईल.

दुसरं दार: पोलीस

इथं लोक तक्रार चुकीच्या शब्दांत देतात. ‘जादा व्याज मागतो आणि त्रास देतो’ यातून खंडणीचा गुन्हा उभा राहत नाही. खंडणीला दोन गोष्टी लागतात: भीती घातली, आणि त्या भीतीपोटी काहीतरी दिलं. म्हणून लिहा: ‘अमुक तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास अमुक दोघे घरी आले, मुलाला क्लासवरून उचलतो म्हणाले, त्या भीतीनं दुसऱ्या दिवशी अमुक खात्यावर १५,००० पाठवले.’ शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यांसकट. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ हे पोलिसी मराठी तुम्ही वापरू नका.

एक गोष्ट वकीलही कधी कधी विसरतात. धमकावून घेतलेली सही हीसुद्धा खंडणीच. ज्या कागदाचं पुढं मौल्यवान दस्तऐवजात रूपांतर होऊ शकतं, असा सही केलेला कोरा चेक किंवा स्टॅम्प भीतीपोटी दिला तरी कलम पुरं होतं. भारतीय न्याय संहितेत ते ३०८. साध्या खंडणीला सात वर्षांपर्यंत शिक्षा, जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती घातली तर दहापर्यंत. पैसे दिलेच नाहीत, नुसती भीती घातली, तरी ३०८(३) आहे. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुना भारतीय दंड विधान लागू. दोन्ही काळातल्या घटना असतील तर तारखेप्रमाणं वेगळे परिच्छेद करा, म्हणजे ठाणे अंमलदाराची कलमं चुकत नाहीत.

हद्दीचा वाद घालत बसू नका. राजारामपुरीत राहता आणि धमकी गांधीनगरात मिळाली, तरी कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडं वर्ग करावा लागतो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. सावकारीचं कलम त्यात बसतं. सात वर्षांपर्यंतचं खंडणीचं कलम बसत नाही. नुसती सावकारीची तक्रार दिली की चौकशीचे १४ दिवस सावकाराला मिळतात, हा फरक लक्षात ठेवा. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं, पोच ठेवून. तिथंही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. अधीक्षकांची पायरी वगळून थेट कोर्टात गेलेला अर्ज बहुधा परत येतो.

जीव धोक्यात असेल त्या क्षणी अर्ज लिहीत बसायचं नाही, ११२ लावायचा. त्या कॉलची नोंद राहते आणि तीही फाइलमध्ये येते.

टोळी कधी ठरते

‘त्याला मोक्का लावा’ असं लोक ठाण्यात जाऊन म्हणतात. मोक्का म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. फिर्यादीच्या मागणीवरून मोक्का लागत नाही. तो लागतो आरोपींच्या मागच्या दहा वर्षांच्या कागदांवर. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात एकाहून अधिक दोषारोपपत्रं न्यायालयात दाखल झालेली आणि न्यायालयानं त्यांची दखल घेतलेली असावी लागते. विनापरवाना सावकारीचा पाच वर्षांचा गुन्हा यात मोजता येतो. शिवाय ते सगळं टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीसाठी, पैशाच्या किंवा वर्चस्वाच्या फायद्यासाठी केलेलं दिसावं लागतं. नुसते गुन्हे नोंद असणं पुरत नाही. मिटवामिटवीत मागं घेतलेली प्रत्येक फिर्याद म्हणूनच टोळीला वर्षभराचं आयुष्य देऊन जाते. गल्लीतला पंच ‘जाऊ दे, मुद्दल सोडतो म्हणतोय’ म्हणतो, तेव्हा तो नकळत हे करत असतो.

महाराष्ट्रानं हा कायदा १९९९ साली केला, दिल्लीनं तो २००२ साली उचलला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हा पहिल्यांदा देशभरासाठी आला. त्यात खंडणी, अपहरण, जमीन बळकावणं, सुपारी, आर्थिक आणि सायबर गुन्हे नाव घेऊन लिहिले आहेत. शिक्षा किमान पाच वर्षं ते जन्मठेप आणि दंड किमान पाच लाख. मृत्यू झाला असेल तर फाशी किंवा जन्मठेप आणि दंड किमान दहा लाख. दहा वर्षं आणि एकाहून अधिक दोषारोपपत्रं ही अट दोन्हीकडं तीच.

फरक कामकाजात आहे. मोक्क्याला उपमहानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. कोल्हापूरसाठी तो प्रस्ताव परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडं जातो. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही आणि खटल्याआधी अप्पर महासंचालक दर्जाची मंजुरी हवी. बदल्यात दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, जामीन फार अवघड होतो आणि अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात धरता येतो. कलम १११ ला ही परवानग्यांची शिडी नाही, पण हे जादा दातही नाहीत. दोन्हींतलं काय निवडायचं हे पोलिसांनी ठरवायचं.

तुमच्या हातात आहे ते जोडकाम. वहीतल्या तिसऱ्या रकान्यातली नावं एका पानावर काढा: पैसे देतो कोण, डायरी लिहितो कोण, वसुलीला येतो कोण, खातं कुणाचं, खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही कुणाची. तोच साक्षीदार तीन वेगळ्या कर्जदारांच्या दस्तांवर दिसला तर तो योगायोग नाही. हे पान फिर्यादीला जोडा आणि त्याची प्रत स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेलाही द्या. अंदाज आणि डोळ्यांनी पाहिलेलं मात्र वेगळं लिहा. दोन्ही एकात मिसळलं की पाहिलेल्याचीही किंमत कमी होते.

साक्ष द्यायची म्हटल्यावर घरचे घाबरतात, ते साहजिकच आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज करता येतो; पोलिसांचा धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत अपेक्षित असतो. अर्ज तपास अधिकाऱ्यामार्फत दिला तर कमी अडखळतो. ‘धोका आहे’ इतकंच न लिहिता शेवटची धमकी, तारीख आणि ११२ च्या कॉलचा उल्लेख घाला.

चेक बाउन्सची नोटीस आली तर

तक्रार झाली की पंधरा दिवसांत सावकाराचा वकील कोरा चेक भरून बँकेत टाकतो, हे ठरलेलंच. बँकेत ‘पेमेंट थांबवा’ लिहून दिलं म्हणजे सुटलो, हा गैरसमज काढून टाका. तसा परत आलेला चेकही चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, येऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या, निबंधकांच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख त्यात घाला. नोटिशीच्या आधीची तारीख असेल तर या उत्तराला वजन येतं, म्हणून अर्ज लवकर द्यायचा. नोटीस न घेणं, घराला कुलूप लावून बसणं याचा काडीचा उपयोग नाही. परवाना नसलेल्या सावकाराला दिवाणी न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देऊ शकत नाही, तेही उत्तरात लिहा.

जमीन लिहून घेतली असेल तर

जमिनीचा विषय सगळ्यात किचकट, आणि वेळ सगळ्यात जास्त इथंच आहे. खरेदीखत रद्द करायचा दिवाणी दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. सावकारी कायद्याच्या कलम १८ मध्ये मात्र अर्जाच्या तारखेमागं पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार उघडता येतो. जमीन कर्जाच्या तारणापोटी सावकाराकडं गेली हे सिद्ध झालं, तर कागदावर ‘कायम खरेदी’ लिहिलेलं असूनही जिल्हा उपनिबंधक तो दस्त अवैध ठरवून जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतात.

सिद्ध कसं करायचं? दस्तातली किंमत आणि त्या वर्षीचा शासकीय बाजारभाव शेजारी ठेवा. ऊसपिकाखालची बागायत निम्म्याहून कमी दरात विकलेली दिसली तर प्रश्न तिथंच उभा राहतो. दस्तानंतरही पीक कोण काढत होतं, कारखान्याला ऊस कुणाच्या नावानं गेला, वीजबिल कुणी भरलं, ते कागद लावा. दस्तानंतर व्याज भरलेलं बँकेच्या उताऱ्यात दिसलं तर त्याहून चांगलं काही नाही. जमीन खरोखर विकली असती तर व्याज कशाचं?

फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर घाई करा. तलाठ्याची नमुना ९ ची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत दिली की नोंद तक्रारी ठरते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. सावकार जमीन तिसऱ्याला विकून मोकळा होतो, म्हणून नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गटाची ‘सूची क्रमांक २’ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) महिन्यातून एकदा बघत राहा.

उपनिबंधकांचा आदेश विरोधात गेला तर एक महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडं अपील. त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं त्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरायची गरज राहिलेली नाही. आदेश बाजूनं लागला तर त्याची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडं फेरफाराचा अर्ज द्या आणि नवा सातबारा हातात पडेपर्यंत दर आठवड्याला विचारत राहा. आदेश मिळून सातबारावर जुनंच नाव राहिलं, तर ती जमीन पुन्हा विकली जाऊ शकते.